स्टिरॉइडची गोळी : सोडावी की चालू ठेवावी?



या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एका पत्राने मला बराच वेळ विचारात पाडले. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून ते आले आहे. लेखिका ५३ वर्षांच्या गृहिणी आहेत. त्यांची ओळख उघड होणार नाही अशा बेताने पत्राचा आशय येथे देतो.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही हातांची बोटे सुजू लागली. पहाटे उठल्यावर मूठ वळत नसे. भाकरी थापणे दूरच, नळाची तोटीसुद्धा फिरवता येत नसे. डॉक्टरांनी रक्त तपासून संधिवाताचे निदान केले आणि तीन-चार औषधे लिहून दिली. त्यांत एक लहानशी गोळी होती. ती घेतल्यावर तिसऱ्या दिवशी हात मोकळे झाले. “देवच पावला असे वाटले,” असे त्या लिहितात. बाकीच्या औषधांचा गुण काही जाणवेना, म्हणून ती हळूहळू सुटली. ही एक गोळी मात्र जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणणे चालूच राहिले. आता चेहरा गोल झाला आहे, गेल्या वर्षी रक्तात साखर निघाली, हातावर जरा काही लागले की काळानिळा डाग उठतो. शहरात शिकणाऱ्या मुलाने गोळीचे पाकीट पाहिले आणि म्हणाला, “आई, हे स्टिरॉइड आहे. आजच्या आज बंद कर.” त्यांनी दोन दिवस बंद केली, तर अंथरुणावरून उठता येईना. शेवटी त्या विचारतात, “सोडली तर हात जातात, घेतली तर हाडे जातात. मी काय करावे?”

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. म्हणून आजचा संपूर्ण लेख या प्रश्नासाठी योजला आहे. उत्तर एका शब्दात देता येण्याजोगे नाही. तरी आरंभीच इतके सांगतो, की गोळी एका दिवसात टाकून देणे आणि ती आहे तशीच वर्षानुवर्षे घेत राहणे, हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. तिसरा मार्ग आहे. तो थोडा सावकाशीचा आहे, पण चालून जाता येण्यासारखा आहे.

हा संधिवात कोणता?

आपल्याकडे कोणताही सांधा दुखला की ‘संधिवात’ म्हणण्याची पद्धत आहे. उतारवयात गुडघ्यांची झीज होऊन जे दुखणे जडते, ते निराळे. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अनेक जण त्याला आमवात म्हणतात. या विकारात शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि कालांतराने कूर्चा व हाड कुरतडू लागते. बहुधा दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे, मनगटे आणि पावलांचे सांधे एकाच वेळी धरतात. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा विकार दोन ते तीन पट अधिक आढळतो.

हा विकार दुर्मीळ आहे असेही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली होती. तीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांना हा विकार असल्याचे आढळले. म्हणजे दोनशे प्रौढांच्या वस्तीत एखादे तरी माणूस ही पहाट भोगत असते.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. या रोगात वेदना आणि सांध्याची हानी ही दोन वेगवेगळी प्रकरणे आहेत. वेदना कमी झाली म्हणजे हानी थांबली असे नव्हे. आणि सांधा एकदा वाकडा झाला, की कोणत्याही गोळीने तो पुन्हा सरळ होत नाही. हानीचा मोठा भाग पहिल्या काही वर्षांतच होऊन जातो. म्हणून उपचाराचे खरे ध्येय सूज मुळातून आटोक्यात ठेवणे हे आहे. दुखणे थांबवणे हा त्याचा केवळ एक भाग.

१९४८ सालचे आश्चर्य

स्टिरॉइडविषयी आपल्या मनात जे प्रेम आणि जी भीती आहे, त्या दोहोंचे मूळ एकाच घटनेत आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांच्या लक्षात आले होते, की संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली किंवा रुग्ण स्त्री गरोदर राहिली, की सांध्यांचा त्रास काही काळ ओसरतो. शरीरातच एखादे गुणकारी द्रव्य असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांतील एक द्रव्य, ज्याला पुढे कॉर्टिझोन हे नाव मिळाले, एका २९ वर्षांच्या रुग्ण स्त्रीला टोचण्यात आले. अंथरुणावर कूस बदलणेही जिला कठीण होते, ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधील संशोधक टाडेउश राइखश्टाइन यांना या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गोष्ट येथे संपली असती तर किती बरे झाले असते! परंतु औषध थांबवताच रोग परत येई, आणि थांबवले नाही तर चेहरा सुजे, रक्तदाब वाढे, मन अस्वस्थ होई, हाडे पिचत. पहिल्या काही वर्षांतच वैद्यकाला उमजले, की हे औषध रोग दाबून धरते, बरा करीत नाही. आमच्या पत्रलेखिकेला सहा वर्षांत जो अनुभव आला, तोच अनुभव साऱ्या वैद्यकविश्वाने तेव्हा घेतला.

पहिले पारडे : गोळी काय देते?

ॲड्रिनल ग्रंथी रोज पहाटे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात. ताप, इजा, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी त्याचे प्रमाण शरीर आपोआप वाढवते. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही सारी त्या संप्रेरकाची प्रयोगशाळेत घडवलेली भावंडे. शरीरसौष्ठवासाठी काही तरुण ज्या स्टिरॉइडच्या मागे लागतात, ते निराळे. त्यांचा येथे संबंध नाही.

सूज शमवण्यात या औषधांच्या वेगाची बरोबरी करणारे दुसरे औषध आजही विरळा. रोगाला खऱ्या अर्थाने लगाम घालणारी औषधे, म्हणजे मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, यांचा परिणाम दिसायला साधारणपणे ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर रुग्णाने अंथरुणात पडून राहावे काय? घरची कामे, नोकरी, लेकरेबाळे थांबत नाहीत. या मधल्या काळासाठी स्टिरॉइड हा एक पूल आहे. पूल ओलांडण्यासाठी असतो, त्यावर संसार मांडायचा नसतो, एवढे भान ठेवले तर त्याच्यासारखे उपकारक औषध नाही.

काही प्रसंगी ते अधिक काळही द्यावे लागते. गर्भारपणात मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड वर्ज्य असतात, ती गर्भधारणेच्या आधीच थांबवावी लागतात. अशा वेळी अल्प मात्रेतील प्रेडनिसोलोनचा डॉक्टर विचार करतात. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असलेल्या वृद्धांना इतर औषधे सोसत नाहीत. रोगाने फुप्फुसावर किंवा रक्तवाहिन्यांवर हल्ला केला, तर मोठी मात्रा जीव वाचवते. म्हणून ‘स्टिरॉइड म्हणजे विष’ हे बोलणेही अन्यायाचे आहे.

दुसरे पारडे : गोळी काय घेते?

दुष्परिणाम दोन गोष्टींवर अवलंबून असतात : रोजची मात्रा आणि एकंदर काळ. दिवसाला ७.५ मिलिग्रॅमपर्यंतच्या प्रेडनिसोलोनला ‘अल्प मात्रा’ म्हणण्याचा प्रघात आहे. अल्प म्हणजे निर्धोक, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

सर्वांत आधी हाडांकडे पाहू. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वाधिक वेगाने होते आणि ती होत असताना काहीही दुखत नाही. मणका दबून उंची कमी झाली तरी पुष्कळांना कळत नाही. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडे आधीच विरळ होत असतात, त्यांत या झिजेची भर पडते.

त्यानंतर साखर. सकाळी घेतलेल्या गोळीमुळे साखर मुख्यतः दुपारी आणि सायंकाळी वाढते. उपाशीपोटीची तपासणी पुष्कळदा निर्दोष निघते आणि माणूस निश्चिंत राहतो. म्हणून स्टिरॉइड घेणाऱ्यांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही साखर तपासून घ्यावी, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणी करावी.

जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आपल्या देशात याचा अर्थ विशेषेकरून क्षय. शरीरात सुप्त असलेला क्षय डोके वर काढू शकतो, आणि स्टिरॉइडमुळे ताप झाकला गेल्याने निदानास उशीर होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, नकळत घटणारे वजन, रात्रीचा घाम, यांपैकी काहीही असले तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी टाळू नये. नागीणही अशा रुग्णांत अधिक दिसते.

याशिवाय रक्तदाब वाढणे, मोतीबिंदू लवकर येणे, डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होणे, त्वचा पातळ होणे, मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन बसल्या जागेवरून उठताना आधार लागणे, झोप उडणे, चिडचिड किंवा उदासी येणे, हेही संभवते. दीर्घकाळ, विशेषतः मोठ्या मात्रेत, घेतल्यास खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. जांघेत सतत दुखू लागले, तर ते ‘वाताचेच’ म्हणून सोडून देऊ नये. आणि सोबत वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो.

अल्प मात्रेचे काय?

“मी तर फक्त पाचची गोळी घेते,” असे पुष्कळ जणी सांगतात. या पाचच्या गोळीचाही अभ्यास झाला आहे. ‘ग्लोरिया’ नावाची एक चाचणी युरोपात झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ६५ वर्षांवरील ४५१ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि निम्म्यांना दिसायला तशीच निर्गुण गोळी, नेहमीच्या औषधांच्या जोडीने, देण्यात आली. गोळी घेणाऱ्यांचा रोग अधिक आटोक्यात राहिला आणि सांध्यांची हानीही कमी झाली. परंतु ज्यांवर विशेष लक्ष ठेवले होते असे दुष्परिणाम त्यांच्यापैकी ६० टक्के रुग्णांत किमान एकदा दिसले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४९ टक्के होते. वाढ मुख्यतः सौम्य जंतुसंसर्गांची होती. दोन्ही पारड्यांत वजन आहे, हे यावरून दिसते. मात्र ही चाचणी दोन वर्षांची होती. सहा किंवा दहा वर्षांनी काय होईल, याचा दाखला म्हणून ती वापरता येत नाही.

दुसरा प्रश्न, गोळी सुटू शकते काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेमिरा’ या चाचणीत, टोसिलिझुमॅब हे जैविक औषध चालू असलेल्या आणि रोग शांत असलेल्या रुग्णांची ५ मिलिग्रॅमची मात्रा दर चार आठवड्यांनी १ मिलिग्रॅम या संथ गतीने उतरवण्यात आली. सुमारे ६५ टक्के रुग्णांना रोग न उसळता ती सोडता आली. ज्यांनी गोळी चालू ठेवली त्यांच्यात रोग शांत राहण्याचे प्रमाण ७७ टक्के होते. म्हणजे गोळी सोडण्याची किंमत काहींना मोजावी लागते, पण बहुतेकांना ती सुटते. अट एकच : खाली रोग आवरणारे दुसरे औषध भक्कम उभे असले पाहिजे.

म्हणूनच युरोपीय तज्ज्ञसंघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत स्टिरॉइड थोड्या काळासाठी वापरून शक्य तितक्या लवकर उतरवून बंद करावे, असे म्हटले आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०२१ साली तर तीन महिने वा त्याहून अधिक काळ स्टिरॉइड देण्याविरुद्ध ठाम मत नोंदवले. तरीही प्रत्यक्षात कित्येक रुग्ण ते वर्षानुवर्षे घेत असतात. याचे कारण आमच्या पत्रलेखिकेच्या पत्रातच आहे. जे औषध तिसऱ्या दिवशी गुण देते, ते टिकते. ज्याचा गुण तिसऱ्या महिन्यात येतो, ते सुटून जाते.

न ओळखलेले स्टिरॉइड

वाचकहो, आपण स्टिरॉइड घेत आहोत हेच अनेकांना ठाऊक नसते. पाकिटावर ‘स्टिरॉइड’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसते. वर दिलेली पाच नावे लक्षात ठेवावीत आणि घरातील पाकिटे एकदा पडताळून पाहावीत. आकडा लहान म्हणजे औषध सौम्य, हाही भ्रम आहे. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन आणि अवघे पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांची शक्ती जवळपास सारखीच.

यापेक्षाही घातक प्रकार म्हणजे बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या. ‘जडीबुटीचे, अपायरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांतून वारंवार आढळून आले आहे. जी पुडी वर्षानुवर्षांचे दुखणे दोन दिवसांत घालवते आणि बंद करताच दुखणे दुपटीने आणते, तिच्याविषयी शंका घ्यावीच. अशी पुडी दीर्घकाळ घेतली असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. ते आपल्याला रागावतील या भीतीपेक्षा त्यांना न कळण्याचा धोका मोठा आहे.

एकाएकी बंद का करू नये?

बाहेरून रोज स्टिरॉइड मिळू लागले, की ॲड्रिनल ग्रंथी आपले काम कमी करतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ गोळी घेतली असेल, तर त्या जवळजवळ झोपी गेलेल्या असू शकतात. गोळी एकदम थांबवली, की शरीराजवळ बाहेरचेही संप्रेरक नाही आणि आतलेही नाही, अशी अवस्था येते. अतिशय थकवा, मळमळ, उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली जाणे आणि प्रसंगी बेशुद्धी, असा हा प्रसंग प्राणावर बेतू शकतो. मुलाचा सल्ला मायेपोटी दिलेला होता, पण ‘आजच्या आज’ हे शब्द धोक्याचे होते.

याच कारणासाठी, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी ‘मी स्टिरॉइड घेतो / घेते’ असे औषधाचे नाव व मात्रा लिहिलेले कार्ड जवळ बाळगावे. दात काढताना, शस्त्रक्रियेपूर्वी, अपघातानंतर ते दाखवावे. जोराचा ताप आला तर मात्रा तात्पुरती वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. गोळी सुटल्यानंतरही काही महिने ही खबरदारी घ्यावी.

मात्रा उतरवताना आणखी एक गोष्ट होते. अंग मोडून येते, थकवा वाटतो, सारे सांधे ठणकतात, आणि माणूस घाबरून पुन्हा पूर्ण गोळी घेतो. हा रोगाचा उसळा आहे की शरीराला स्टिरॉइडची उणीव भासते आहे, हे घरी ठरवता येत नाही. सांधे दिसायला सुजलेले, हाताला गरम आणि सकाळचा ताठरपणा वाढलेला असेल, तर रोग उसळल्याची शक्यता अधिक. नुसतीच अंगदुखी व मरगळ असेल, तर दुसरी शक्यता. म्हणून रोज सकाळी हात मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, हे दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. डॉक्टरांना ही नोंद रक्ततपासणीइतकीच उपयोगी पडते.

डॉक्टरांकडे जाताना

आपल्या गोळीचा तराजू आपल्या डॉक्टरांसमवेतच मांडायचा आहे. त्यासाठी हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

मी घेत असलेल्या औषधांपैकी स्टिरॉइड कोणते, आणि प्रेडनिसोलोनच्या मापाने त्याची रोजची मात्रा किती?

रोग मुळातून आवरणारे औषध मला चालू आहे काय? त्याची मात्रा पुरेशी आहे काय?

स्टिरॉइड किती दिवसांत, कोणत्या टप्प्यांनी उतरवायचे?

माझ्या हाडांची घनता मोजण्याची डेक्सा तपासणी, डोळे, साखर, रक्तदाब हे कधी तपासायचे? हाडे वाचवणारे वेगळे औषध मला लागेल काय?

फ्लू आणि न्यूमोनियाची लस मी घ्यावी काय? (स्टिरॉइडची मात्रा मोठी असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळतात, म्हणून कोणतीही लस विचारूनच घ्यावी.)

उपचार सुरू केल्यापासून तीन महिन्यांत स्पष्ट सुधारणा आणि सहा महिन्यांत रोग शांत, असे लक्ष्य तज्ज्ञ ठेवतात. तसे घडत नसेल, तर स्टिरॉइड वाढवत नेण्याऐवजी मूळ औषध वाढवणे किंवा बदलणे, प्रसंगी जैविक औषधांचा विचार करणे, हा योग्य क्रम होय. एकच सांधा हटवादीपणे सुजलेला असेल, तर त्या सांध्यात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन हा रोजच्या गोळीपेक्षा कमी अपायाचा पर्याय ठरू शकतो.

मेथोट्रेक्सेटविषयी एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतते. वार पाकिटावर ठळक लिहून ठेवावा, डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक ॲसिड घ्यावे, मद्य टाळावे, आणि रक्त व यकृताच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्यात.

घरी काय करता येईल?

स्टिरॉइड सकाळी, काही खाल्ल्यानंतर घ्यावे. पहाटे संप्रेरक सोडण्याच्या शरीराच्या रीतीशी ते जुळते आणि रात्रीची झोपही वाचते. हाडांसाठी दिवसाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर पेलाभर दुधात सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम मिळते. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दूध, दही-ताक, तीळ, शेवग्याचा पाला, हे आपल्या स्वयंपाकघरातले आहे. उणीव राहिली तर गोळीने भरून काढावी. ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात घ्यावे. लोणची, पापड, फरसाण यांचे मीठ आणि चहाची साखर आवरावी, कारण या औषधाने भूकही वाढते. रोज चालावे. सांधे शांत असताना हलके व्यायाम करावेत, कारण स्नायू टिकले तरच सांध्याला आधार मिळतो. पायात अडखळतील अशी पायपुसणी, ओली फरशी आणि रात्रीचा अंधार यांची व्यवस्था घरच्यांनी करावी. ठिसूळ हाडाला एक घसरणे पुरते.

घरच्यांसाठी आणखी एक विनंती. हा रोग सकाळी क्रूर असतो आणि दुपारपर्यंत बराच सैल पडतो. त्यामुळे “सकाळी उठवत नव्हते, आता कशी हिंडते आहे?” असे बोल अनेक सुनांना आणि सासवांनाही ऐकावे लागतात. पुष्कळ स्त्रिया निव्वळ या बोलांपोटी स्टिरॉइडची गोळी वाढवून घेतात, म्हणजे सकाळचा स्वयंपाक वेळेवर होतो. सकाळच्या कामाची वाटणी बदलली, तर कित्येक घरांत गोळीची मात्रा उतरवणे सोपे जाईल.

ताई, आपल्या पत्राचे उत्तर

आता पत्रलेखिकेकडे वळतो. ताई, उद्या सकाळची गोळी आपण घ्या. ती टाकू नका. या आठवड्यातच, जुनी चिठ्ठी आणि घरातील सर्व पाकिटे पिशवीत घालून, संधिवाताच्या तज्ज्ञांकडे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. मुलालाही सोबत न्या. त्याची काळजी खरी आहे, तिला योग्य दिशा मिळेल. आपण ज्या औषधांचा गुण दिसेना म्हणून ती सोडली, तीच बहुधा पुन्हा सुरू करावी लागतील. मेथोट्रेक्सेट फार महागही नाही. त्याला दोन-तीन महिने द्या. सूज शांत झाली, की तज्ज्ञांच्या सल्ल्याने ही लहानशी गोळी पायरीपायरीने उतरवता येईल. कदाचित पूर्ण सुटेल, कदाचित अगदी थोडी घ्यावी लागेल. तसे झाले तर तो आपला पराभव मानू नका. हाडे, डोळे आणि साखर यांवर नजर ठेवून, जाणीवपूर्वक घेतलेली अल्प मात्रा ही नकळत सहा वर्षे घेतलेल्या गोळीपेक्षा फार वेगळी असते.

सोडली तर हात जातात, घेतली तर हाडे जातात, असे आपण लिहिले आहे. हात राखण्याचे काम दुसऱ्या औषधावर सोपवले, की हे कोडे सैल होते. त्या औषधाला वेळ देणे, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

वाचकहो, आपल्या घरात, शेजारात कुणी अशी गोळी वर्षानुवर्षे घेत असेल, तर हा अंक त्यांच्या हाती द्यावा. पाकीट वाचून दाखवावे आणि डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जावे. आपली पत्रे नेहमीच्या पत्त्यावर अवश्य पाठवावीत. पुढील पंधरवड्यात पुन्हा भेटू.